हरणशेत, मुक्काम लायब्ररी

शाळेत वीस-बावीस वर्षं काढली की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे ते आपोआप साठतात. आज कपाट पुसलं, की उद्या पुन्हा आहेतच.

मी तळोद्याच्या एका शाळेत ग्रंथालय परिचर आहे. म्हणजे लायब्ररीची खोली उघडायची, पुस्तकं द्यायची-घ्यायची, रजिस्टर लिहायचं. शिक्षण दहावी. मुलं मला मावशी म्हणतात. लक्षात ठेवण्यासारखं काही घडलं की मी ते रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहून ठेवते. हेडसरांनी एकदा ती पानं पाहिली आणि विचारलं, "मंगलाबाई, हे कोणत्या रकान्यात बसतं?"

मी म्हटलं, "शेरा."

यंदाचे सगळे शेरे एकाच गावातले आहेत. गावाचं नाव हरणशेत. नकाशात शोधू नका. ते एका कादंबरीत आहे, आणि गेले चार महिने आमच्या लायब्ररीच्या मोठ्या टेबलावर आहे.

*

सुरुवात माझ्याच चुकीपासून झाली.

फार पूर्वी कोणत्या तरी योजनेत एकाच कादंबरीच्या चाळीस प्रती आल्या. एकच पुस्तक चाळीस वेळा घेऊन करायचं काय, हे कोणालाच कळलं नाही. मी सुतळीने गठ्ठे बांधले, डांबरगोळ्या घातल्या आणि वरच्या फळीवर ठेवले. दरवर्षी पडताळणीला खाली काढायचे, मोजायचे, परत वर. पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून मी फार जपायची. इतकी, की कोणी मागितलं तरी आधी हात धुवून या म्हणायची. मुलं हात धुवायला जायची ती परत यायचीच नाहीत.

यंदा हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. कॉम्प्युटर आले होते आणि खोक्यांतच पडून होते. खोली हवी होती. मी जरा अभिमानानेच म्हटलं, "सर, बावीस वर्षांत लायब्ररीतलं एकही पुस्तक हरवलेलं नाही."

सर म्हणाले, "वाचलंच नाही तर हरवेल कसं?"

मग त्यांनी ठरलेलं सांगितलं. दिवाळीनंतर शाळेचं प्रदर्शन आहे. त्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष मिस्त्रीला घेऊन येतील, खोलीचं माप घेतील, आणि काम सुरू होईल. पुस्तकं पोत्यांत भरून स्टेजखाली ठेवायची. मी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायचं.

स्टेजखाली वाळवी आहे. ते सरांनाही माहीत होतं, मलाही.

दुसऱ्या दिवशी स्मिता मॅडम आल्या. त्या नववीला मराठी शिकवतात, नाशिककडच्या, आमच्याकडे येऊन त्यांना दोन वर्षं झाली. त्यांनी विचारलं, "मावशी, तुमच्याकडे एकाच कादंबरीच्या चाळीस प्रती आहेत म्हणे?"

"आहेत. अगदी कोऱ्या."

"नववीत अडतीस मुलं आहेत," मॅडम म्हणाल्या आणि स्वतःच स्टुलावर चढल्या.

*

कादंबरी साधी आहे. हरणशेत नावाचं गाव, गावाला रुंद नदी, आणि नदीवर नाव चालवणारी गोदाक्का. तिचा मुलगा शहरात गेलेला असतो. ती रोज लोकांना इकडून तिकडे पोचवते आणि त्याची वाट बघते.

मॅडमनी मुलांना सांगितलं, हे गाव आपण टेबलावर उभं करू. प्लायवूड, माती, पुठ्ठा, कपाशीच्या पऱ्हाट्या, जे मिळेल ते वापरा. नियम दोनच. पुस्तकात जे लिहिलंय ते तसंच पाहिजे. आणि जे लिहिलेलं नाही ते तुम्ही ठरवा, पण कारण सांगा.

पहिल्या तासालाच भांडण लागलं.

बाराव्या पानावर असं वाक्य आहे, की गोदाक्काने दारातून हाक मारली आणि शेजारची सखू लगेच आली. प्रकाशा गावाजवळच्या एका खेड्याहून एसटीने येणारा चेतन आहे, गुजर घरातला. त्याने भराभर घरं मांडली. भिंतीला भिंत, मधे गल्ली, गल्लीच्या तोंडाशी विहीर. त्याच्या गावात असंच आहे.

रमिलाने त्यातली चार घरं उचलली आणि लांब लांब टेकड्यांवर ठेवली. प्रत्येक घराभोवती त्याचं त्याचं शेत. ही मुलगी पावरा आदिवासी. शाळेत आल्यापासून फार बोलत नसे, त्यामुळे घरं हलवल्यावर सगळे तिच्याकडेच बघायला लागले.

चेतन म्हणाला, "एवढ्या लांब शेजारी राहतो का कोणी?"

"आमच्यात राहतात."

"मग सखू लगेच कशी आली?"

"हाक ऐकली, उतरली, नाला ओलांडला, चढली, आली."

मॅडमनी विचारलं, "किती वेळ लागला असेल गं?"

रमिलाने थोडा विचार केला. "चुलीवरची डाळ शिजायच्या आत आली."

"मग हे लगेच कसं?" चेतन म्हणाला.

"डाळ शिजायच्या आत आली म्हणजे लगेचच ना," रमिला म्हणाली. तिला तो प्रश्नच कळला नव्हता.

चेतनने शेवटचं हत्यार काढलं. "तू तर वसाहतीत राहतेस. तिथे घरं ओळीत आहेत, वर नंबर टाकलेत. तू कुठे पाहिलंस असं गाव?"

"पाहिलं नाही. बाबांनी सांगितलंय."

बाबा म्हणजे तिचे आजोबा, दामजाबाबा. चेतन गप्प बसला, कारण हरणशेतही त्याने पाहिलेलं नव्हतं.

*

हाक खरंच एवढ्या लांब जाते का, हे बघायचं मॅडमनी ठरवलं. शास्त्राच्या तासाला प्रयोग करतात, मग मराठीच्या तासाला का नको, असं त्यांचं म्हणणं.

मुलं मैदानाच्या या टोकाला उभी राहिली. रमिला पार पलीकडे, कंपाउंडच्या भिंतीपाशी गेली. तिने तोंडापाशी हात धरले आणि हाक दिली. शब्द नव्हता. नुसता लांबलचक उंच सूर, शेवटी वर उचललेला. वर्गात हजेरीला जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत येत नाही, तिचा तो आवाज ऐकून सातवीचा वर्गही खिडकीत आला.

आमच्या शाळेमागेच डोंगरात जाणाऱ्या जीपांचा थांबा आहे. पाच मिनिटांत एक जीप रिव्हर्स घेत फाटकाशी आली. आत माणसं, वर माणसं, मागे लटकलेली दोन. ड्रायव्हरने मान बाहेर काढून मला विचारलं, "मावशी, कोण राहिलं?"

मी म्हटलं, "कोणी नाही रे. मराठीचा तास चाललाय."

"मग हाक कोणी मारली?"

"आमच्या नववीच्या मुलीने. प्रयोग होता."

तो जरा रागावलाच. "असं उगाच हाक मारू नये. माणूस थांबतो," म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी घरांचा निकाल लागला. निम्मी घरं गल्लीत राहिली, निम्मी टेकड्यांवर. लेखकाला चालेल का, असं एकाने विचारलं. मॅडम म्हणाल्या, "जीपवाल्याला चाललं ना, मग झालं."

*

तळोद्यातलीच शाहीन आहे, टेलरची मुलगी. तिच्या वाट्याला हरणशेतचा बाजार आला होता. तिने पुस्तकातली सगळी दुकानं मांडली. वाणी, लोहार, कुंभार, बांगड्यांची टोपली घेऊन बसलेली बाई. मग एक जास्तीचं दुकान केलं आणि आत चिंध्यांचा ढीग ठेवला.

मॅडमनी विचारलं, "हे काय?"

"टेलर."

"पुस्तकात टेलर नाही गं."

"आहे मॅडम. लेखक सांगायला विसरला." शाहीनने पान काढून ठेवलेलंच होतं. "पाटलाने मुलीच्या लग्नात कोट घातला, असं लिहिलंय. अब्बा म्हणाले, त्या काळात खेड्यात कोट तयार मिळत नव्हता. म्हणजे कोणी तरी शिवला. म्हणजे टेलर होता."

कारण सांगितलं होतं, नियमात बसत होतं. दुकान राहिलं.

दोन दिवसांनी ती पुन्हा पान घेऊन आली. या वेळी ती नियमासाठी आली नव्हती, नुसतं दाखवायला. त्या पानावर पाटील मुलीच्या हळदीला उशिरा पोचतात, सगळे खोळंबलेले असतात. उशीर का झाला ते लेखकाने कुठेच लिहिलेलं नाही.

"मी अब्बांना वाचून दाखवलं," शाहीन म्हणाली. "ते म्हणाले, का म्हणजे काय, काजं राहिली होती."

*

आता अध्यक्षांचं सांगते. जगनभाई म्हणजे चेतनचे आजोबा. केळी आणि ऊस करतात. शाळेची ही खोली कॉम्प्युटरला द्यावी, ही सूचना त्यांचीच. माणूस वाईट नाही. पोरं मागे राहू नयेत एवढंच त्यांना वाटतं, आणि लायब्ररीत पोरं पुढे जाताना त्यांना कधी दिसली नव्हती.

एक दिवस ते तक्रार घेऊन आले. चेतन घरून माती, पुठ्ठे, बियाणाच्या पिशव्या सगळं शाळेत नेतो, अभ्यास करत नाही, असं. येऊन टेबलापाशी उभे राहिले. मला वाटलं, आता बोलणार. ते वाकून बघायला लागले.

"हाई इहीर एवढी लांब काबर शे?" त्यांनी विचारलं.

चेतन म्हणाला, "पुस्तकात तसंच आहे, आजा. विहीर गावाबाहेर."

"मोटी नदी शे, मंग गावना बाहेर इहीर कोण खंदी? लिखणारले काही समजत नही."

"पुस्तकात आहे."

"दाखाड माले."

चेतनने त्याची प्रत पुढे केली. जगनभाईंनी चष्मा चाचपला, तो घरी राहिला होता. म्हणाले, "घर लई जास. वाचीसन सांगस."

मी रजिस्टर पुढे सरकवलं. ते म्हणाले, "ताई, नातूना नाववर टाका ना."

मी म्हटलं, "भाई, जो नेतो त्याच्या नावावर. नियम आहे." हे मी का म्हटलं मला माहीत नाही. ज्या माणसाच्या हातात माझी खोली होती त्यालाच मी नियम सांगत होते. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, पुढे अध्यक्ष असंही लिहिलं. बावीस वर्षांत समितीतल्या माणसाची सही माझ्या रजिस्टरवर ती पहिलीच.

मुदत सात दिवसांची. दहा झाले, पंधरा झाले. ऊसतोड चालू होती, मी समजून घेतलं. एकविसाव्या दिवशी मी चेतनबरोबर स्मरणपत्राची चिठ्ठी दिली. सगळ्यांना देते तीच छापील.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी परत आली. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, "नावाडीण आजून पल्लाड शे. आलाड उनी का देस."

म्हणजे, नावाडीण अजून पलीकडच्या काठाला आहे. अलीकडे आली की देतो.

*

मॅडमनी एकदा मुलांना गोदाक्काला पत्र लिहायला सांगितलं. वहीत लिहा म्हणाल्या होत्या. चेतन आणि आणखी दोघांनी खरं पाकीट आणलं, वर पत्ता घातला, गोदाक्का नावाडीण, मुक्काम हरणशेत, आणि पेटीत टाकून आले. पाठवणाऱ्याच्या जागी शाळेचं नाव.

दहा-बारा दिवसांनी पोस्टमन पाकीट घेऊन माझ्याकडे आला. जुना माणूस आहे, प्रामाणिक. पाकिटावर तीन शिक्के होते आणि लाल शाईत लिहिलं होतं, या नावाचे गाव नाही.

तो म्हणाला, "मावशी, तालुका घालायला सांगत जा पोरांना. कुठे कुठे फिरून आलंय बिचारं."

मी त्याला टेबलापाशी नेलं आणि हरणशेत दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "यात पोस्ट कुठेय?"

पुस्तकात पोस्ट नव्हतं. त्याने पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "मग कसं पोचणार?"

मुलं हसली. चेतनने पाकीट सगळ्यांना फिरवून दाखवलं. रमिलाच्या हातात आलं तेव्हा तिने लाल शाईतलं वाचलं. "आमच्या जुन्या गावाच्या पत्त्यावर टाकलं तरी हेच येईल," ती म्हणाली आणि पाकीट पुढच्या मुलीला दिलं.

मॅडम नाशिककडच्या. त्यांना माहीत नव्हतं. मधल्या सुट्टीत मी सांगितलं, की दामजाबाबांचं गाव वर नर्मदेच्या काठाला होतं, ते धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि सगळ्यांना खाली वसाहतीत जमिनी दिल्या. रमिलाचा जन्म वसाहतीतलाच.

मॅडमनी उघडलेला डबा परत बंद केला. मग म्हणाल्या, "आणि मी तिला नदी रंगवायला दिली."

*

नदी रमिलाने छान केली होती. खाली प्लास्टिक, वर निळा रंग, काठाला वाळू. प्रदर्शन आठ दिवसांवर आलं तेव्हा चेतनच्या डोक्यात आलं की नदीत खरं पाणी पाहिजे. कागदाची नाव तरंगली पाहिजे. कोणाला न विचारता त्याने बाटलीभर पाणी ओतलं.

प्लास्टिकला कुठे तरी भोक होतं. पाणी गल्लीत शिरलं. पुठ्ठ्याची घरं खालून फुगायला लागली, मग एकेक बसायला लागलं. चेतन ओरडतोय, "नदी फुटनी, नदी फुटनी," शाहीन टेलरच्या चिंध्यांनी पाणी टिपतेय, मी फडकं शोधतेय.

रमिलाने फडकं घेतलं नाही. तिने आधी गल्लीतली सगळी मातीची माणसं उचलली आणि टेकडीवर नेऊन ठेवली. मग गुरं. मग कुंभाराची मडकी. सगळ्यात शेवटी घरं. हे सगळं तिने भराभर आणि क्रमाने केलं.

सगळं वाळून परत जागेवर गेल्यावर चेतन ओशाळून म्हणाला, "पाटलाचं घर गेलं. जाऊ दे, श्रीमंत आहे, बांधील पुन्हा."

त्याने ते घर स्वतःच बांधलं, तीन दिवस खपून. आधी होतं तिथेच, काठाजवळ. रमिला बघत होती.

*

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. मी रिकामी पोती घडी करून कपाटामागे ठेवली होती. सरांनीच आणून दिली होती.

दुपारी जगनभाई आले. बगलेत पुस्तक, मागे मिस्त्री. पुस्तक त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "ल्या ताई. उनी ती आलाड." मी परत आल्याची नोंद केली. मग हेडसर आले, आणि मिस्त्रीने खिशातून टेप काढला.

खोलीच्या मधोमध ते मोठं टेबल. मिस्त्री म्हणाला, "हे बाहेर काढल्याशिवाय माप कसं घेऊ?" सरांनी दाराकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं. गावासकट टेबल दारातून जात नव्हतं.

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, चार वाजता प्रदर्शन संपलं की मुलंच मोडतील सगळं. तोवर थांबा."

सर म्हणाले, "ठीक आहे."

तेवढ्यात रमिला तिच्या आजोबांना घेऊन आली. दामजाबाबा वसाहतीतून चालत आले होते. हातात काठी, डोक्याला पांढरं पागोटं. दारात चप्पल काढून आत आले. रमिलाने त्यांना मराठीतच सांगितलं, आम्हाला कळावं म्हणून बहुतेक, "बाबा, हे पुस्तकातलं गाव आहे. खरं नाही."

बाबा पावरीत काही तरी बोलले. रमिला म्हणाली, "म्हणतात, माहीत आहे."

ते टेबलाभोवती एक फेरी फिरले. बाजार बघितला, विहीर बघितली. टेकड्यांवरच्या घरांपाशी जरा जास्त थांबले. मग काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि नदीकाठचं अगदी शेवटचं घर दोन्ही हातांनी उचललं.

चेतन म्हणाला, "बाबा, ते गोदाक्काचं घर आहे. पुस्तकात काठावरच..."

मॅडमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

बाबांनी ते घर नाल्यापलीकडे चढावर ठेवलं. ते नीट बसेना. त्यांनी अंगठ्याने माती दाबून जागा सपाट केली आणि पुन्हा ठेवलं. मग नदीकडे बघत रमिलाला काही तरी विचारलं.

रमिला आमच्याकडे वळली. "बाबा विचारतात, पाणी कुठपर्यंत येणार?"

हेडसर म्हणाले, "नाही हो बाबा, हे नुसतं मॉडेल आहे. पाणी येणार नाही."

रमिलाने ते पावरीत सांगितलं. बाबांनी मान हलवली. ऑफिसातल्या माणसाने काही सांगितलं की हलवतात, तशी. घरावरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.

जगनभाईंनी मिस्त्रीच्या हातातून टेप घेतला. एक टोक निळ्या रंगाच्या कडेला धरलं, दुसरं गोदाक्काच्या घराला. वाकून आकडा बघितला. मग दामजाबाबांकडे बघितलं. बाबांनी घरावरचा हात उचलला. जगनभाईंनी ते घर घेतलं आणि पार वर, टेकडीच्या माथ्याशी ठेवलं. बाबांनी ते बोटभर डावीकडे सरकवलं, खालची माती दाबली आणि जगनभाईंकडे बघून होकार दिला.

मिस्त्रीने विचारलं, "भाई, खोलीनं माप?"

"थांब भो," जगनभाई म्हणाले आणि टेपचं टोक दामजाबाबांच्या हातात दिलं. "पहिले बाकीना घरे वर लेऊ दे."